ह्यूस्टनची ट्रिप, आई आणि अंतराळातलं जेवण

दिवस पहिला (म्हणजे खरं तर दोन, कारण एक अख्खा विमानातच गेला)

गणपती विसर्जन झालं आणि तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो, मी आणि आई. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, सांगली सोडून लांबचा प्रवास म्हणजे एकदा काशी आणि एकदा ताईच्या बाळंतपणाला ह्यूस्टन, त्यालाही आता चौदा वर्षं झाली. ह्यावेळी मात्र जायला माझं स्वतःचं पण एक कारण होतं. मी घरी रेडी मिक्स बनवते, पोहे, उपमा, शिरा, मसालेभात, गरम पाणी ओता आणि दहा मिनिटं झाकून ठेवा, परदेशात शिकायला जाणारी पोरं आणि ट्रेकवाले घेऊन जातात. सहा वर्षं हेच करतेय आणि सहा वर्षं डोक्यात एकच किडा आहे, की वाळवलेल्या जिन्नसात पाणी परत नीट शिरतं कसं. जून २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला स्पेस स्टेशनवर गाजर हलवा, मूगडाळ हलवा आणि आमरस घेऊन गेले तेव्हा ती बातमी मी किती वेळा वाचली असेन देव जाणे. आणि ताईचं घर क्लिअर लेकला, नासाच्या जॉन्सन स्पेस सेंटरपासून पंधरा मिनिटांवर, जिथे अंतराळवीरांचं जेवण तयार करणारी लॅबच आहे. लॅबमध्ये आपल्याला कोण सोडणार, पण शेजारचं म्युझियम तर बघता येतं, म्हटलं आता जायचंच.

विमानात जेवण आलं, भाजी, भात, एक पाव, बटरची छोटी वडी. आईने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "मीठच नाही गं ह्यात." मीठ होतं, मी खाऊन बघितलं, पण आईचंही खोटं नव्हतं, वर केबिनमधली हवा एकदम कोरडी असते आणि दाबही जमिनीपेक्षा कमी, त्यामुळे नाक सुकतं आणि गोड खारट दोन्ही चवी मंदावतात. मग तिने पर्समधून शेंगदाण्याच्या चटणीची डबी काढली आणि भातावर घेतली, तेवढ्यात विमान जरा हललं, निम्मी चटणी साडीवर आणि निम्मी खालच्या कार्पेटवर. पण उरलेल्या चटणीवर सगळा भात संपला.

मला त्यावरून स्टेशनवरचं आठवलं. तिथे हवेचा दाब आपल्या जमिनीवर असतो तेवढाच ठेवतात, तरी चव कमी लागते, आणि कारण वेगळंच आहे. वजन नसल्यामुळे अंगातलं पाणी पायाकडे न राहता वर डोक्याकडे सरकतं, चेहरा सुजल्यासारखा होतो, नाक चोंदतं, सुरुवातीचे दिवस तर सर्दी झालीये असंच वाटत राहतं. म्हणून तिकडे हॉट सॉसला एवढी मागणी. आणि शटलच्या (नासाचं परत परत वापरता येणारं जुनं यान) काळापासून सगळ्यात आवडता पदार्थ कुठला तर श्रिंप कॉकटेल, म्हणजे झणझणीत सॉसमधली कोळंबी, कारण त्यातलं हॉर्सरॅडिश, मोहरीसारखं तिखट मूळ, सरळ नाकात जातं. सर्दी झाली की आपण कुळथाचं पिठलं आणि लसणाची चटणी खातो, ते काय वेगळं आहे.

दिवस दुसरा

जेटलॅग. आई पहाटे तीनला उठून ताईच्या किचनमधले डबे लावत बसली होती.

दुपारी दाजी आम्हाला एचईबीला घेऊन गेले, टेक्सासमधलं मोठं सुपरमार्केट, भाजी घ्यायला म्हणून. आणि तिथे आत दुकानातच गरम टॉर्टिया करत होते. मशीनमधून एकेक फुगून येत होती, वर तपकिरी ठिपके, वास डिट्टो तव्यावरच्या पोळीचा. आईने गरम पाकीट हातात घेतलं, दाबून बघितलं आणि म्हणाली, "ही तर मैद्याची पोळी." मी तिथेच ट्रॉली थांबवून तिला टॉर्टियाची गोष्ट सांगायला लागले, ताई म्हणे घरी जाऊन सांग, पण मला राहवेना.

गोष्ट अशी की अंतराळात पावाची भीती असते. चव वाईट म्हणून नाही, चुरा होतो म्हणून. इथे चुरा ताटात पडतो, तिथे पडत नाही, तरंगतो, डोळ्यात जातो, नाकात जातो, मशीनच्या फटीत जाऊन बसतो. १९६५ च्या मार्चमध्ये जेमिनी ३ ह्या अमेरिकन यानात अंतराळवीर जॉन यंगने खिशातून लपवून कॉर्न्ड बीफ सँडविच नेलं आणि वर गेल्यावर सोबतच्या गस ग्रिसमला दिलं, त्याने घास घेतला, चुरा सुटायला लागला आणि लगेच ते परत खिशात गेलं. त्यावरून पार अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये चर्चा झाली. त्या काळात अधिकृत जेवण म्हणजे एका घासात खायचे चौकोनी तुकडे, चुरा सुटू नये म्हणून वरून जिलेटिनचा थर दिलेले. पोटात गेलं की काम झालं, असं ते जेवण.

मग १९८५ मध्ये मेक्सिकोचे रोडोल्फो नेरी वेला ॲटलांटिस शटलमधून गेले आणि सोबत टॉर्टिया घेऊन गेले, आपल्या घरचं खाणं म्हणून. बाकीच्यांच्या लक्षात आलं की अरे हिचा चुरा होत नाही, गुंडाळता येते, एका हातात धरता येते, आणि तेव्हापासून ब्रेड मागे पडला आणि आज स्टेशनवर सगळे टॉर्टियाच खातात. फक्त ताजी नाही नेत, नाहीतर बुरशी येईल. ओलावा कमी ठेवून बनवतात, पाकिटातला ऑक्सिजन काढून टाकतात, मग ती दीडेक वर्ष टिकते. दीड वर्ष टिकणारी पोळी! माझ्या धंद्यात कुणी अशी पोळी बनवली ना तर मी त्याच्या पाया पडेन.

आई सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "म्हणजे आपल्या घरचं नेलं म्हणून बाकीच्यांचं भलं झालं."

दिवस चौथा

(तिसरा दिवस ताईच्या मैत्रिणींकडे जेवणात गेला, छान होतं, पण त्याचं इथे काही नाही.)

सकाळी दहाला स्पेस सेंटर ह्यूस्टन. भाचा सोबत, त्याची शाळेला दांडी. गेटमधून आत शिरलं की समोरच जम्बो जेट उभं आणि त्याच्या पाठीवर शटल, शटल नकली असलं तरी मापाने पूर्ण आहे आणि खालचं विमान मात्र अस्सल, ह्याच विमानाने खरी शटल्स पाठीवर घेऊन नेली. आई मान वर करून बराच वेळ बघत राहिली.

आधी ट्रामने ट्रेनिंग बिल्डिंगमध्ये गेलो, काचेमागून खाली स्टेशनच्या मॉड्यूलची खऱ्या मापाची मॉडेल्स दिसतात, ज्यात अंतराळवीर सराव करतात. आईचा पहिला प्रश्न, "ह्यात चूल कुठंय?"

चूल नाहीच. हे मला माहीत होतं पण तिने विचारल्यावर पहिल्यांदा नीट जाणवलं. आपण चूल म्हणतो तेव्हा त्यात गरम हवा वर जाते हे धरूनच चाललेलो असतो, वाफ वर जाते, बुडबुडे वर येतात, फोडणीतली मोहरी उडून परत कढईतच पडते. तिथे वर आणि खाली हेच नाही. पाणी उकळलं तरी बुडबुडे वर न येता तिथेच एकत्र होऊन मोठा फुगा होतो. फोडणीचं तेल उडालं तर ते थेंब खाली येणारच नाहीत. म्हणून स्टेशनच्या किचनमध्ये मुख्य गोष्टी दोनच, एक पाणी देणारं मशीन आणि एक ब्रीफकेससारखी पेटी, जिच्यात पाकिटं ठेवून गरम करतात. पाण्याच्या मशीनला पाकीट जोडायचं, गरम की साधं ते ठरवायचं आणि किती मिली ते, २५ च्या पटीत, २५० पर्यंत. प्रत्येक पाकिटावर लिहिलेलं असतं किती पाणी आणि किती वेळ. म्हणजे हुबेहूब माझ्या पाकिटाच्या मागे लिहिलेलं असतं तसंच! मी तिथे काचेला नाक लावून उभी होते आणि मला खरंच भरून आलं.

जाता जाता एक गोष्ट सांगते, जी मला फार उशिरा कळली. मला वाटायचं स्टेशनवर सगळं वाळवलेलंच असणार, वजन वाचतं म्हणून. पण तसं नाही. अपोलो आणि शटलमध्ये वीज फ्युएल सेलमधून यायची, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र करून, आणि त्यातून पाणी आपोआप तयार व्हायचं, फुकटचं. म्हणून खालून कोरडं अन्न न्यायचं आणि वर त्यात पाणी घालायचं, हिशोब बरोबर बसायचा. स्टेशनची वीज सोलर पॅनलची, तिथे फुकटचं पाणी नाही, घाम, लघवी, हवेतली वाफ सगळं गोळा करून शुद्ध करतात आणि तेच परत पितात (२०२३ मध्ये नासाने सांगितलं की ९८ टक्के पाणी परत मिळवता आलं). त्यामुळे कोरडं नेऊन वर पाणी घालण्यात पूर्वीसारखा फायदा उरला नाही आणि बाजारात रेडी टू ईट मिळतं तशा ओल्या, शिजवून निर्जंतुक केलेल्या पाऊचचं प्रमाण वाढलं. अन्न कसं वाळवायचं हा प्रश्न किचनचा वाटतो, पण त्याचं उत्तर वीज कुठून येते त्यावर ठरलं.

दुपारी परत म्युझियममध्ये. तिथे स्कायलॅबचा ट्रेनर आहे, म्हणजे स्कायलॅब ह्या अमेरिकेच्या पहिल्या स्पेस स्टेशनवर जाण्याआधी जमिनीवर ज्यात सराव केला तो. पाटीवरचं नाव भाच्याने मोठ्याने वाचलं आणि आई थांबलीच.

"स्कायलॅब? ते पडणार होतं ते?"

तेच ते. जुलै १९७९. आई तेव्हा तासगावजवळ सासरी होती, लग्न होऊन काही वर्षं झालेली. ती सांगायला लागली, मी हे आधी कधीच ऐकलं नव्हतं. गावात सगळीकडे एकच बोलणं, आभाळातून पडणार, आपल्याच डोक्यावर पडणार, कुणी शेतावर जाईना, कुणी घरातल्या कोंबड्या कापून खाल्ल्या, मरायचंच आहे तर खाऊन मरू म्हणून. आणि माझ्या आजीने, जी सण सोडून कधी साखरेचा दाणा जास्त खर्च करायची नाही, तिने सण नसताना पुरण घातलं. "सगळ्यांना समोर बसवून वाढलं," आई म्हणाली, "आणि स्वतः पण आमच्यासोबत बसली. सासूबाई आमच्यासोबत जेवायला बसल्या ते तेव्हाच पहिल्यांदा." ११ जुलैला ते पडलं, हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात.

आणि आम्ही उभ्या होतो त्याच्या जेवणाच्या खोलीपाशी. अमेरिकेच्या अंतराळवीरांना पहिलं खरं जेवणाचं टेबल स्कायलॅबमध्ये मिळालं, १९७३ मध्ये. तीन माणसांसाठी, तीन बाजूंचं, कारण कुणी मुख्य जागेवर बसलंय असं वाटू नये. बसणं म्हणजे पाय आणि मांड्या अडकवायच्या, खुर्ची नाही. प्रत्येकाचा ट्रे वेगळा, खळगे असलेला, त्यातले काही खळगे खालून गरम होणारे. काटा, चमचा, सुरी आणि सोबत कात्री, पाकीट कापायला. फ्रीझर होता, त्यामुळे व्हॅनिला आइस्क्रीम पण मिळायचं, जे आधीच्यांना नाही आणि नंतर शटलवाल्यांनाही रोजचं नाही. शेवटची टीम ८४ दिवस राहिली आणि त्यांचा मुक्काम वाढवल्यामुळे अन्न पुरेना, मग दर तिसऱ्या दिवशी नुसत्या एनर्जी बारवर काढायचा असं ठरलं. दर तिसऱ्या दिवशी! आपल्याकडे संकष्टी महिन्यातून एकदा येते, आणि त्या दिवशी पण चंद्र दिसल्यावर मोदक असतात.

मी हे सगळं सांगत होते पण आईचं लक्ष टेबलाकडेच. मग म्हणाली, "हे लोक रोज एकत्रच जेवायचे होय?" म्हटलं हो, जमेल तेव्हा एकत्रच, आजही स्टेशनवर निदान रात्रीचं तरी सोबत जेवायला बघतात. ती बराच वेळ काही बोलली नाही. निघताना तिने बाहेरच्या कठड्यावरून एकदा हात फिरवला, देवळातून निघताना फिरवते तसा.

दिवस पाचवा

हा दिवस माझा. ताईच्या किचनमध्ये.

आदल्या दिवशी म्युझियमच्या दुकानातून फ्रीझ ड्राय आइस्क्रीम आणलं होतं, सगळे पर्यटक नेतात ते. स्टेशनवर हे खात नाहीत, चुरा होतो ना, तिथे मालवाहू यानाच्या फ्रीझरमध्ये जागा असली की खरं आइस्क्रीम जातं. भाच्याने तोडलं, खडूसारखा आवाज आला, तोंडात टाकल्यावर आधी थर्माकोल आणि मग एकदम दूध. आई म्हणाली, "वाळवणच की." आणि बरोबर बोलली. आपण सांडगे, कुरडया उन्हात घालतो तेव्हा पाणी पृष्ठभागाकडे येतं आणि उडतं, सोबत जिन्नस आक्रसतो, वरून कडक पापुद्रा धरतो. फ्रीझ ड्रायमध्ये आधी गोठवायचं आणि मग हवेचा दाब इतका कमी करायचा की बर्फाचं पाणी न होता थेट वाफ होते. पाणी निघून जातं, पण ते जिथे बसलं होतं ती जागा तशीच रिकामी राहते. बारीक बारीक भोकं. म्हणून पाणी घातलं की ते आपल्या जागेवर परत जाऊन बसतं.

हे मी शंभर वेळा वाचलंय पण बघितलं नव्हतं. तर दोन वाट्या घेतल्या, एकीत माझ्या पोह्यांच्या मिक्समधला ड्रायरवर वाळवलेला मटार, दुसरीत इथे दुकानात मिळालेला फ्रीझ ड्राय मटार, दोन्हीत एकाच किटलीचं गरम पाणी आणि फोनवर पाच मिनिटांचा टायमर. माझा मटार फुगला, हिरवा दिसला, पण सुरीने मधोमध कापला तर आत पांढरट ठिपका, दाताखाली कचकन आला. दुसरा दाणा जरा विस्कटलेला दिसत होता पण आतपर्यंत मऊ. सहा वर्षांपासूनची माझ्या ग्राहकांची हीच एक तक्रार, मटार कच्चा लागतो. आता मटार मी आधी वाफवून, टोचून मग वाळवणार आहे, बघू, मशीन घेणं तर आत्ता परवडणारं नाही.

मग भाच्याने खेळ काढला, कुठला पदार्थ अंतराळात चालेल. नियम सोपा, चमचा उलटा करायचा, चिकटून राहिला तर पास. भडंग लगेच नापास, सांगलीकर म्हणून वाईट वाटलं पण विचार करा मुरमुरे, शेंगदाणे आणि लसूण अख्ख्या स्टेशनभर. चिवडा नापास. सुका भात नापास, पण वरण कालवून मऊ केला की पास. शिरा एकदम फर्स्ट क्लास, चमचा उलटा करून हलवला तरी जागचा हलला नाही. आणि तेव्हा डोक्यात लख्ख झालं, १९८४ च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा सॅल्युत ७ ह्या सोव्हिएत स्टेशनवर गेले तेव्हा म्हैसूरच्या डिफेन्स फूड रिसर्च लॅबोरेटरीने जे करून दिलं त्यात सुजी हलवा, आलू छोले आणि व्हेज पुलाव होते, आणि एकेचाळीस वर्षांनी परत हलवाच गेला. गोड म्हणून नेतात असं मला वाटायचं. पण तूप आणि पाक धरून ठेवतात, एक कण सुटत नाही. आपल्या प्रसादाच्या शिऱ्यात हा गुण आधीपासून आहे.

भाच्याने विचारलं मग केक भाजता येतो का तिथे. म्हटलं बिस्किटं भाजलीयत, २०१९ च्या डिसेंबरमध्ये, खास छोटा ओव्हन नेऊन, एकूण पाच कुकीज, एका वेळी एक. इथे वीसेक मिनिटांत होते ती तिथे पंचवीस मिनिटं ठेवून पण कच्चीच, शेवटच्या दोन नीट भाजायला दोन तास आणि वर लागले. आणि २०१५ मध्ये स्टेशनवर उगवलेली लाल लेट्यूसची पानं खाल्ली, ऑलिव्ह ऑइल आणि व्हिनेगर लावून. शुभांशूंनी तर मेथी आणि मूग उगवायला घातले होते. मेथी म्हटल्यावर आईला सगळं पटलं.

शेवटी आईने चटणीची डबी पुढे केली. "आणि ही?" भाचा म्हणाला, "आजी, ही नापास, पावडर आहे, उडणार." मी म्हटलं तिथे मीठ आणि मिरपूड पण सुटी नसते, मीठ पाण्यात विरघळवून आणि मिरपूड तेलात मिसळून छोट्या बाटलीत देतात, थेंब थेंब टाकायची. आईने काही न बोलता चटणीत चमचाभर तेल घातलं, बोटाने कालवली आणि चमचा उलटा धरला. चटणी जागच्या जागी.

"मग आम्ही काय वेगळं करतो," ती म्हणाली. "भाकरीसोबत कालवूनच खातो की."

शेवटचा दिवस, अठरा दिवसांनी

परतीचं विमान संध्याकाळचं. ताई रडली, आई रडली, दाजींनी बॅगा तीनदा वजन केल्या. माझ्या बॅगेत फ्रीझ ड्राय मटार, कॉर्न आणि स्ट्रॉबेरीची पाकिटं, एवढं सगळं मिळून किलोभर पण नाही.

रात्री जेवण आलं, पुन्हा भाजी, भात, पाव, बटरची वडी. मी माझं उघडायच्या आधीच बघितलं तर आईने ट्रेवरची फॉइल काढून घडी घालून ट्रेखाली दाबून ठेवली होती. पाव पिशवीतून बाहेर काढलाच नाही, आतल्या आतच तोडला. मग डबी काढली, तळाशी चटणी थोडीच उरली होती, बटरची वडी कागदावर घेऊन बोटाने मऊ केली आणि चटणी त्यात कालवली, सगळी, एकजीव होईपर्यंत. पावाच्या तुकड्यावर लावली, एक तुकडा मला दिला.

"खा," म्हणाली. "सांडत नाही आता."